बोलायचे आहे, पण जमत नाही

वाचकांचे प्रश्न, समुपदेशकाची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे पुरुषांनी लिहिलेली आहेत किंवा पुरुषांविषयी आहेत. त्यांतील सात पत्रे येथे घेतली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. या पुरुषांना भावनाच नाहीत, असे एकाही पत्रावरून वाटत नाही. त्या बोलून दाखवण्याचा सराव मात्र नाही, आणि बोलल्यावर काय होईल याची धास्ती आहे. ‘मोकळे व्हा’ असा सल्ला पुरुषांना हल्ली सगळीकडून मिळतो, पण मोकळे व्हायचे म्हणजे कोणाजवळ, किती आणि कशा रीतीने, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळे उत्तरांमध्ये त्यावरच अधिक भर दिला आहे.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. मी मनातले काहीच सांगत नाही, अशी पत्नीची नेहमीची तक्रार आहे. ‘काय झाले?’ असे ती विचारते तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणतो, आणि त्या वेळी मी खोटे बोलत नसतो. मला खरोखरच काही सापडत नाही. वाद वाढला की माझे डोके सुन्न होते, तोंडातून शब्द फुटत नाही आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. तिला तो अपमान वाटतो. रात्री मात्र मी जागा राहतो आणि छातीवर दडपण येते. हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. माझ्यात काही कमतरता आहे का? असल्यास, या वयात ती भरून काढता येते का?

उत्तर : ही कमतरता आहे असे कृपया समजू नका. स्वतःच्या भावना ओळखण्यात आणि त्या शब्दांत मांडण्यात येणाऱ्या अशा अडचणीला ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ म्हणतात. पीटर सिफनिओस या मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. पुढे रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले, की या अडचणीचे सौम्य रूप पुरुषांमध्ये पुष्कळ आढळते आणि ते आजारापेक्षा घडणीचा परिणाम असते. मुलगा पडला, घाबरला किंवा हिरमुसला की ‘मुलगा असून रडतोस काय?’ असे त्याला ऐकावे लागते. तो चिडला तर मात्र ते खपवून घेतले जाते. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले, की भीती, लाज, दुःख आणि एकटेपणा या साऱ्या भावना एक तर रागाच्या वाटेने बाहेर पडतात किंवा शरीराच्या तक्रारी होऊन बसतात. तुमच्या छातीवरचे दडपण त्यांतलेच असू शकते. (आधी हृदयाची तपासणी करून घेतलीत हे उत्तम केलेत. असे दडपण मनाचेच असणार असे गृहीत धरून तपासणी टाळणे धोक्याचे असते.)

भावना दाबली की ती विरून जाते, असा आपला समज असतो. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना किळस आणणारी दृश्ये पाहताना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही, असे सांगितले होते. त्यांचे चेहरे बऱ्याच अंशी निर्विकार राहिले, पण आत जाणवणारी किळस कमी झाली नाही आणि शरीरावरच्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. दहा वर्षांनी एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकीने भावना लपवल्या तर तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचाही रक्तदाब वाढतो, असे आढळले. या प्रयोगात पुरुष नव्हते आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. लपवण्याची किंमत स्त्री असो की पुरुष, दोघांनाही मोजावी लागते, आणि लपवणाऱ्यासोबत ती समोरच्यालाही मोजावी लागते. तुमच्या गप्प बसण्याने पत्नी अस्वस्थ होते, त्यामागे हेही कारण असू शकेल.

वादात डोके सुन्न होते, तेव्हा तुम्ही हट्टाने गप्प बसलेले नसता. नाडी जलद होते, ऐकलेले नीट पोहोचत नाही आणि विचारांची संगती लागत नाही. दांपत्यांवर अनेक वर्षे संशोधन केलेले जॉन गॉटमन अशा वेळी किमान २० मिनिटे थांबण्याचा सल्ला देतात, कारण शरीर निवायला तेवढा अवधी लागतो. तेव्हा तुमचे उठून जाणे मुळात चुकीचे नाही, पण न सांगता जाणे आणि सांगून जाणे यांत फार अंतर आहे. ‘मला आत्ता काही सुचत नाही, अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन बोलेन’ एवढे म्हणून उठा, त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात वाद घालत बसू नका, आणि ठरल्या वेळी, तिने बोलावण्याची वाट न पाहता, परत या. जाण्याने झालेली जखम तुमच्या परत येण्याने भरते. परत येणे राहिले, तर आधीच्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आता शिकण्याविषयी. ‘मला काय वाटते?’ या प्रश्नाला तुमच्याकडून उत्तर येत नाही, म्हणून काही दिवस तो विचारूच नका. त्याऐवजी दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, शरीराची चौकशी करा : जबडा आवळलेला आहे का, पोटात गोळा आहे का, खांदे जड आहेत का, श्वास वरच्या वर चालला आहे का? असे काही आढळले, तर ते आज केव्हा सुरू झाले ते आठवा. बहुतेक वेळा त्या क्षणाशी एखादा माणूस किंवा एखादे वाक्य जोडलेले निघते, आणि मग त्या वेळी राग आला होता, भीती वाटली होती की कमीपणा वाटला होता, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात असे दिसले, की चित्रातल्या चेहऱ्यावरील भावनेला नाव देताना मेंदूतील अमिग्डला या, धोक्याची सूचना देणाऱ्या भागातील हालचाल मंदावते. नाव दिल्याने भावना नाहीशी होत नाही, पण तिची पकड सैल होते, असे माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या अनुभवावरूनही मी सांगू शकते.

पत्नीशी बोलताना एकदम सारे आयुष्य उलगडायला जाऊ नका. त्या दिवसातली एक लहानशी खरी गोष्ट सांगा. ‘आज बैठकीत माझे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, तेव्हा मला फार कमीपणा वाटला’ एवढे पुरे. समोरासमोर बसून, नजरेला नजर देऊन बोलणे जड जात असेल तर चालताना, प्रवासात किंवा दोघे मिळून काही आवरत असताना बोला. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेली ‘मेन्स शेड’ ही चळवळ याच जाणिवेवर उभी आहे. तेथे पुरुष एकत्र येऊन लाकूडकाम आणि दुरुस्त्या करतात, आणि हात कामात गुंतलेले असताना खांद्याला खांदा लावून जे बोलणे होते, ते समोरासमोरच्या खुर्च्यांवर सहसा होत नाही. वयाविषयी विचाराल, तर साठी ओलांडलेल्या पुरुषांना मी हे शिकताना पाहिले आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी एका रात्री माझ्या पतींनी नोकरी जाण्याची भीती प्रथमच बोलून दाखवली. सांगताना त्यांना रडू आले. मी इतकी घाबरले, की त्यांना धीर द्यायचे सोडून खर्च आणि मुलांचे शिक्षण यांचाच हिशेब मांडत बसले. पुढे महिन्याभराने भांडणाच्या भरात ‘एक नोकरी सांभाळता येत नाही, नुसते रडता येते’ असे माझ्या तोंडून निघून गेले. नोकरी टिकली, पण तेव्हापासून ते पूर्वी बोलत तेवढेही बोलत नाहीत. मी काय करू?

उत्तर : पत्रात तुम्ही स्वतःची बाजू सावरून घेतलेली नाही, याचा मला आदर वाटतो. हा प्रश्न तुमच्या एकट्या घरातला नाही. पुरुषांनी बोलावे असे आपण म्हणतो, पण पुरुष खरोखर बोलला, त्याचा आवाज कापला, डोळे भरले, की ऐकणारी माणसे अनेकदा बावरतात, कारण इतका काळ आधार समजलेला माणूस डळमळताना पाहणे सोपे नसते. तुमच्या पतींनी त्या रात्री मोठी जोखीम पत्करली होती आणि तिचे फळ त्यांना भांडणात मिळाले. आता गप्प राहणे हेच त्यांना शहाणपणाचे वाटत असणार.

पहिले काम क्षमा मागण्याचे आहे, आणि ती नेमक्या शब्दांत मागायला हवी. ‘काही चुकले असेल तर माफ करा’ अशा मोघम वाक्याने काहीच साधत नाही. ‘तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी भांडणात तुमच्यावर फेकली. ते चूक होते, आणि पुन्हा मी तसे करणार नाही’ असे शांत वेळी म्हणा, त्याला ‘पण’ जोडू नका आणि त्यांच्याकडून लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नका. बहुधा ते ‘जाऊ दे’ म्हणून विषय बदलतील. तो बदलू द्या. विश्वास त्या वाक्याने परत येणार नाही. पुढच्या कितीतरी लहान प्रसंगांत तुम्ही कसे ऐकता, यावरून तो हळूहळू येईल.

ते पुन्हा एखादी लहान गोष्ट सांगतील तेव्हा उपाय सुचवण्याची घाई करू नका आणि दुसऱ्या कोणाच्या मोठ्या दुःखाशी तुलनाही करू नका. ‘तुम्हाला मी फक्त ऐकायला हवी आहे, की आपण मिळून काही मार्ग शोधायचा?’ असे सरळ विचारता येते. तुमची भीतीही खरी आहे आणि तिलाही जागा हवी, मात्र ती त्याच क्षणी त्यांच्यासमोर ठेवू नका; दुसऱ्या दिवशी सांगा किंवा आधी एखाद्या मैत्रिणीजवळ बोला. भांडणात काहीही झाले तरी, विश्वासाने सांगितलेली गोष्ट हत्यार म्हणून वापरायची नाही, एवढा नियम दोघांनीही पाळायला हवा.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुष्कळ विवाहित पुरुषांना मन मोकळे करायला पत्नीशिवाय कोणी नसते. नियोबी वे या संशोधिकेने किशोरवयीन मुलांच्या दीर्घकाळ मुलाखती घेतल्या. ही मुले लहानपणी मित्रांवरच्या मायेविषयी अगदी मोकळेपणाने बोलत, पण पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर त्यांची ही जवळीक आटत गेली, आणि तिची उणीव त्यांना जाणवतही होती. पतींचा एखादा जुना मित्र असेल तर त्या मैत्रीसाठी घरातून वेळ आणि मोकळीक मिळू द्या. त्यांच्या सगळ्या मौनाचा भार तुम्ही एकटीने वाहणे तुमच्यावरही अन्यायाचे आहे, कारण बोलण्याची अर्धी जबाबदारी शेवटी त्यांचीच आहे.

प्रश्न : वय २७. राग आला की मी व्यायामशाळेत जाऊन पिशवीवर ठोसे मारतो. अशी भडास काढणे म्हणजेच भावनांना वाट देणे, असे मित्र म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : व्यायाम अवश्य करा, मनाला त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र ज्याने चिडवले त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून ठोसे मारत असाल, तर राग वाढण्याचीच शक्यता अधिक. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात असे ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक संतापलेले आणि अधिक आक्रमक निघाले. भडास काढणे आणि भावना सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाप थांबल्यावर, राग येण्याच्या क्षणभर आधी काय वाटले होते, ते स्वतःला विचारा. तेथे पुष्कळदा अपमान किंवा भीती सापडते. बोलायचे ते तिच्याविषयी.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे आणि आमचे बाळ पाच महिन्यांचे आहे. सगळे अभिनंदन करतात, पण मला आनंद होत नाही. सतत चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, आणि घरी लवकर जायला नको म्हणून मी कामाच्या ठिकाणी उगाच रेंगाळतो. बाळ रडू लागले की पळून जावेसे वाटते. त्रास तर पत्नीने सोसला, मग मला असे वाटण्याचा काय अधिकार, या विचाराने मी कोणाजवळ बोललेलो नाही.

उत्तर : वाटण्यासाठी अधिकार लागत नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून बाळाच्या जन्मानंतर वडिलांना येणाऱ्या नैराश्याची शंका घ्यायला पुरेशी जागा आहे. ही दुर्मीळ गोष्ट नव्हे : २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, पत्नीच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि जन्मानंतरचा तिसरा ते सहावा महिना हा त्यातला सर्वांत कठीण काळ दिसला. आईला नैराश्य असेल तर वडिलांनाही असण्याची शक्यता वाढते, असेही त्यात आढळले. त्यामुळे पत्नीचीही विचारपूस करा.

पुरुषांमधले नैराश्य नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. ते पुष्कळदा चिडचिडीच्या, दारूच्या, बेफाम वाहन चालवण्याच्या किंवा तुमच्यासारखे कामाआड लपण्याच्या रूपात येते. स्वीडनमधील गॉटलंड या बेटावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथील सर्वसाधारण डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे खास प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर आत्महत्या घटल्या, पण ती घट जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांमधली होती. पुरुषांमधले प्रमाण फारसे बदलले नव्हते. या कामाचे प्रमुख वुल्फगांग रुट्झ यांनी त्यातून असे मांडले, की पुरुष डॉक्टरांकडे क्वचित येतात, आणि आले तरी त्यांची लक्षणे नेहमीच्या यादीत बसत नाहीत. यातूनच पुढे पुरुषांच्या नैराश्यासाठी एक वेगळी प्रश्नावली तयार झाली. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘झोप होत नाही’ एवढेच सांगून थांबू नका. चिडचिड, पळून जावेसे वाटणे आणि आनंद न वाटणे हेही सांगा. त्यांनी थायरॉइडसारख्या काही तपासण्या सुचवल्या तर त्या करून घ्या, कारण काही शारीरिक आजारांतही अशीच लक्षणे दिसतात.

भेट ठरेपर्यंत रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, म्हणजे दोघांनाही काही तास सलग झोप मिळेल. बाळाच्या रडण्याने संयम सुटतो आहे असे वाटले, तर त्याला सुरक्षित जागी उताणे झोपवून काही मिनिटे खोलीबाहेर जा आणि कोणाला तरी हाक मारा. बाळाला गदागदा हलवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पुष्कळ वडिलांच्या मनात ती पहिल्या दिवशी नसते, रोजच्या सांभाळण्यातून रुजते, आणि नैराश्याचे मळभ हटल्यावर ती जाणवूही लागते.

प्रश्न : माझे वय ६२ आहे. सात महिन्यांपूर्वी पत्नी गेली. तेव्हापासून मी तिची अर्धवट राहिलेली बाग पूर्ण करतो आहे आणि तिची कागदपत्रे लावतो आहे. ‘बाबा, तुम्ही एकदाही रडला नाहीत, दुःख आत दाबून ठेवू नका’ असे मुली वारंवार म्हणतात. मला रडू येत नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रात मला कोठेही दाबून ठेवलेले दुःख दिसले नाही, ते तुमच्या हातांतून व्यक्त होते आहे. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका आणि टेरी मार्टिन यांनी दाखवून दिले आहे, की काही माणसे अश्रूंतून आणि बोलण्यातून शोक करतात, तर काही कृतीतून आणि विचारांतून, आणि दोन्ही वाटा सारख्याच खऱ्या आहेत. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेल्या विचारानुसार शोक करणारा माणूस कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, तर कधी पुढच्या जगण्याकडे, आणि या ये-जा करण्यातच तो सावरत जातो. तुम्ही बागेत काम करता तेव्हा एकाच वेळी दोन्ही बाजूंना असता, असे मला वाटते. पुरुषांनी मोकळे व्हावे म्हणजे त्यांनी रडलेच पाहिजे, असा नवा आग्रह मला मान्य नाही.

तरीही एक काम मी सुचवेन. मुलींचे म्हणणे तुमच्या अश्रूंविषयी दिसत असले, तरी आईविषयी तुमच्याशी बोलता येत नाही, ही त्यांची अडचण असण्याचा संभव आहे. त्यांना बागेत बोलवा, कामाला लावा आणि यातले काय तिला कसे हवे होते ते सांगा. ती गेल्यावर दिवसातली कोणती वेळ सर्वांत कठीण जाते, एवढे जरी सांगितलेत, तरी त्यांना पुरेसे कळेल. मात्र जेवण-झोप बिघडत राहिली, काम थांबले की जीव घाबरा होऊ लागला, दारू वाढली किंवा जगण्यात राम उरला नाही असे वाटू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : मी २० वर्षांचा विद्यार्थी आहे. माझा जवळचा मित्र काही दिवसांपासून ‘मी नसलो तरी कोणाला काय फरक पडतो’ असे हसत हसत म्हणतो. त्याने त्याची आवडती गिटारही एकाला देऊन टाकली. मी थेट विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती वाटते.

उत्तर : तुझी काळजी रास्त आहे, तेव्हा हे उत्तर वाचून झाल्यावर आजच त्याला भेट. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवले आहे. विचारल्यामुळे बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. आडवळणाने विचारू नकोस. दोघेच असताना ‘तू असे बोलतोस, गिटार देऊन टाकलीस, त्यामुळे मला काळजी वाटते. तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ असे स्पष्ट विचार. तो ‘हो’ म्हणाला तर दचकू नकोस, त्याला रागावू नकोस, आईवडिलांची आठवण देऊन अपराधी वाटायला लावू नकोस. ऐकून घे. मग काही ठरवले आहे का, केव्हा आणि कसे, हेही विचार. ठरवलेले असेल तर त्याला एकटा सोडू नकोस, ज्याने तो स्वतःला इजा करील अशी वस्तू त्याच्यापासून दूर कर, आणि घरातल्या किंवा महाविद्यालयातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच बोलावून त्याला रुग्णालयात ने. भारतात ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. इतर देशांतही अशा सेवा आहेत. तेथे तूही फोन करून काय करावे ते विचारू शकतोस.

‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ तो घालेल. ती घेऊ नकोस. ‘तू जिवंत राहणे मला या गुपितापेक्षा मोलाचे आहे’ असे सांग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात दर लाख पुरुषांमागे १२.६ पुरुषांचा मृत्यू आत्महत्येने झाला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५.४ होते. पुरुषांचे असे हसत बोललेले वाक्य सहज सोडून देऊ नये, ते यासाठीच. आणि त्याला सांभाळण्याचे काम तुझ्या एकट्याचे नाही, हेही ध्यानात ठेव. मोठ्यांच्या हाती सोपवलेस की तुझी मैत्री कमी होत नाही, आणि तुला स्वतःला जे सोसावे लागते आहे तेही कोणाजवळ तरी बोल.

प्रश्न : वय ३६. समुपदेशकाकडे जायचे ठरवले आहे, पण तेथे जाऊन काय बोलायचे हेच कळत नसल्याने दोनदा भेट रद्द केली. पहिल्या भेटीत काय होते? औषधे घ्यावीच लागतात का?

उत्तर : पहिल्या भेटीत बहुतेक वेळ समुपदेशकच प्रश्न विचारतो : त्रास केव्हापासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, घरी आणि कामावर काय चालले आहे, दारू किंवा इतर व्यसन आहे का, जीव द्यावासा वाटतो का. तुमच्याकडे सुसंगत कहाणी तयार असावी अशी कोणाची अपेक्षा नसते. ‘काय बोलायचे ते मला कळत नाही, म्हणून मी दोनदा भेट रद्द केली’ हेच पहिले वाक्य म्हणून सांगा. काम सुरू करायला ते पुरते. बोलणे फारच अवघड वाटत असेल, तर आधी लिहून न्या. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांविषयी लिहिले. लिहून झाल्यावर त्यांना लगेच तर अधिक वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. अशा लेखनाचा परिणाम सगळ्यांवर सारखा नसतो, नंतरच्या अभ्यासांत तो लहानच दिसला आहे. पण बोलण्याची तयारी म्हणून त्याचा उपयोग होतो. एखाद्या फार भयंकर प्रसंगाविषयी मात्र एकट्याने लिहीत बसू नका, त्यासाठी समुपदेशकाची सोबत घ्या.

तुमचे बोलणे गुप्त राहते. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने सांगणे भाग पडेल, तेव्हाच त्याला अपवाद असतो. हे अपवाद पहिल्याच भेटीत विचारून घ्या. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या उपचारांवर काम करतात. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात, आणि सौम्य त्रासात ती अनेकदा लागतही नाहीत. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात मात्र ती टाळण्याचा हट्ट धरू नये. नैराश्यावरच्या आजच्या औषधांचा गुण यायला साधारणपणे काही आठवडे लागतात. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत. तीन-चार भेटींनंतरही समोरच्या व्यक्तीजवळ बोलावेसे वाटले नाही, तर ते तिला सांगा आणि समुपदेशक बदला. त्यात संकोचाचे काही कारण नाही. तिसऱ्यांदा भेट ठरवाल तेव्हा ती ज्याला माहीत असेल असा एक मित्र किंवा भाऊ निवडा आणि त्या दिवशी सकाळी त्याला फोन करायला सांगा.